डाव्या काठावरची बँक

पॅरिस शहराच्या मधून सीन नदी वाहते. तिच्या दक्षिणेकडचा भाग तो डावा काठ. विद्यापीठ, प्रकाशक, चित्रकार, स्वस्त खाणावळी आणि घरभाडे थकवून राहणारे लेखक हे सगळे पूर्वापार याच काठावर. इंग्रजीत या भागाला लेफ्ट बँक म्हणतात. नदीच्या काठाला आणि पैशाच्या पेढीला त्या भाषेत शब्द एकच.

या काठावर ओदेऑं नाट्यगृहाकडे चढत जाणारा एक लहानसा रस्ता आहे. तेथल्या १२ क्रमांकाच्या घरात १९२१ ते १९४१ अशी वीस वर्षे इंग्रजी पुस्तकांचे एक दुकान होते. शेक्सपिअर अँड कंपनी हे त्याचे नाव आणि सिल्व्हिया बीच ही त्याची मालकीण. पुस्तके विकणे आणि वाचायला देणे हा तिचा धंदा. शिवाय लेखकांना उसने पैसे द्यायचे, त्यांचे चेक वटवून द्यायचे, त्यांची टपाले सांभाळायची हीही कामे ती करी आणि म्हणून आपल्या दुकानाला गमतीने लेफ्ट बँक म्हणे. माझी नोकरीची सारी वर्षे बँकेत गेल्यामुळे असेल, पण जॉइस आणि हेमिंग्वे यांच्या चरित्रांत कोपऱ्यात उभी दिसणारी ही बाई मला त्या थोरांपेक्षा जास्त खुणावत आली आहे. तिच्या आयुष्याचा ताळेबंद एकदा मांडून पाहावा, असे फार दिवसांपासून मनात होते.

सिल्व्हियाचा जन्म १४ मार्च १८८७ चा, अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा. तीन बहिणींतली ती मधली. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. आईचे आईवडील मिशनरी म्हणून हिंदुस्थानात येऊन राहिलेले. घरात पुस्तके भरपूर, पैसा बेताचा. १९०१ च्या सुमारास वडिलांची पॅरिसच्या अमेरिकन चर्चमध्ये नेमणूक झाली आणि चौदा-पंधरा वर्षांच्या सिल्व्हियाला त्या शहराचे वेड लागले ते कायमचे. कुटुंब पुढे अमेरिकेत परतले, वडील प्रिन्स्टनला स्थिरावले. ही मात्र पहिले महायुद्ध चालू असताना १९१६ मध्ये पुन्हा पॅरिसला आली. फ्रेंच साहित्याचा अभ्यास केला, पुरुष आघाडीवर गेल्याने ओस पडलेल्या शेतांवर स्वयंसेविका म्हणून राबली आणि युद्ध संपल्यावर रेडक्रॉसबरोबर सर्बियातही जाऊन आली.

तिच्या आयुष्याला वळण दिले ते एका दुसऱ्या दुकानाने. १९१७ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात एका फ्रेंच नियतकालिकाचा शोध घेताना तिला ओदेऑं रस्त्यावरच्या ७ क्रमांकाच्या दुकानाचा पत्ता सापडला. ते आद्रियेन मोनिए या तरुणीचे दुकान. आद्रियेनचे वडील रेल्वेच्या टपालखात्यात होते. अपघातात जखमी झाल्याबद्दल त्यांना नुकसानभरपाई मिळाली, ती रक्कम त्यांनी लेकीच्या हाती ठेवली आणि तिने १९१५ मध्ये, ऐन युद्धात, त्यातून पुस्तकांचे दुकान थाटले. सिल्व्हिया दाराशी पोचली तेव्हा वारा सुटला होता. तिची हॅट उडून रस्त्यावर गडगडत निघाली आणि आद्रियेन आपला घोळदार झगा सावरीत त्या हॅटमागे धावली. या धावपळीत जुळलेली मैत्री अडतीस वर्षे टिकली, ती आद्रियेनच्या मृत्यूपर्यंत. बरीच वर्षे दोघी एकाच घरात राहिल्या.

आद्रियेनच्या दुकानाची रीत वेगळी होती. पुस्तक विकत घेण्याआधी ते वाचून पाहावे, मगच घरात ठेवावे, असे तिचे मत. म्हणून दुकानाला जोडून वाचनालय होते. आपल्याकडच्या वाचनालयांत असते तशीच अनामत रक्कम, ठरावीक वर्गणी आणि प्रत्येक वाचकाच्या नावाचे कार्ड. अधूनमधून संध्याकाळी खुर्च्या मांडल्या जात, एखादा लेखक आपले नवे लेखन वाचून दाखवी आणि मग गप्पा रंगत. लिहिणारा आणि वाचणारा एकाच खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसत. सिल्व्हियाला हे इतके भावले की न्यूयॉर्कमध्ये असेच फ्रेंच पुस्तकांचे दुकान काढायचे तिने ठरवले. पण तिथली भाडी तिच्या आवाक्यातली नव्हती. मग तिने बेत उलटा केला: पॅरिसमध्येच इंग्रजी पुस्तकांचे दुकान.

भांडवल आले आईकडून. आईने साठवलेले तीन हजार डॉलर्स पाठवून दिले. ओदेऑं रस्त्याच्या अगदी जवळ, द्युप्युत्रां रस्त्यावर एक बंद पडलेली लाँड्री भाड्याने मिळाली. जुन्या बाजारातून टेबलखुर्च्या आल्या, जुनी इंग्रजी पुस्तके पॅरिसमधूनच गोळा झाली, काही लंडनहून आली. १९ नोव्हेंबर १९१९ रोजी दुकान उघडले. १९२१ मध्ये ते आद्रियेनच्या समोर, १२ क्रमांकात आले. आता रस्त्याच्या एका बाजूला फ्रेंच साहित्य आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मध्ये चार पावलांचा रस्ता.

फ्रेंच भाषेत वर्गणीदाराला आबोने म्हणतात. सिल्व्हियाच्या बहिणीने त्या शब्दाचे बनी, म्हणजे ससे, करून टाकले आणि वाचनालयाचे सभासद कायमचे ससे झाले. आंद्रे जीद हा पहिल्या काही सशांपैकी एक. गर्ट्रूड स्टाइन आली. कवी एझ्रा पाउंडला सुतारकामाची हौस होती, त्याने दुकानातल्या खुर्च्या दुरुस्त करून दिल्या. १९२१ सालच्या अखेरीस बावीस वर्षांचा एक अमेरिकन वार्ताहर आला. त्याच्या खिशात अनामतीपुरतेही पैसे नव्हते. सिल्व्हियाने त्याला कार्ड लिहून दिले, पैसे सवडीने द्या म्हणून सांगितले आणि हवी तेवढी पुस्तके न्यायला परवानगी दिली. त्या दिवशी त्याने तुर्गेनेव्ह, टॉलस्टॉय, दोस्तोयेव्स्की आणि लॉरेन्स उचलले. हा अर्नेस्ट हेमिंग्वे. म्हातारपणी पॅरिसच्या आठवणी लिहिताना इतक्या माणसांवर कोरडे ओढणाऱ्या हेमिंग्वेने सिल्व्हियाबद्दल मात्र एकही कडू शब्द लिहिला नाही.

येथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. कर्ज देताना आम्ही तीन गोष्टी पाहत असू: माणूस, त्याची परतफेडीची ताकद आणि तारण. हेमिंग्वेकडे त्या दिवशी शेवटच्या दोन्ही नव्हत्या. पहिलीची पारख करायला सिल्व्हियाला पाच मिनिटे पुरली. पुस्तकांचे दुकान किंवा वाचनालय चालवणारी काही माणसे नोकरीत असताना माझ्या टेबलासमोरही बसून गेली आहेत. त्यांच्याशी बोलायला फार बरे वाटे आणि त्यांची कागदपत्रे चाळताना फार वाईट. साठा मोठा, उलाढाल मंद आणि येणे अशा लोकांकडून की ज्यांच्याकडे तगादा लावायला मालकालाच संकोच वाटावा. सिल्व्हिया बीच माझ्यासमोर अर्ज घेऊन आली असती, तर तिच्या प्रकरणावर शिफारशीची सही करताना माझीही लेखणी अडखळली असती. पुढे जे घडले ते पाहता तो अडखळणारा हिशेब चुकीचा होता, असेही म्हणवत नाही.

कारण पुढे जेम्स जॉइस आला. ११ जुलै १९२० रोजी कवी आंद्रे स्पीर यांच्या घरच्या मेजवानीत दोघांची ओळख झाली आणि दुसऱ्याच दिवशी जॉइस काठी फिरवीत दुकानात हजर झाला. डोळे अधू, बायको आणि दोन मुले पदरी, हातात पैसा टिकायचा नाही. सात वर्षे चाललेली त्याची युलिसिस ही कादंबरी अमेरिकेत एका मासिकातून क्रमशः येत होती. १९२१ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ती अश्लील ठरवली आणि मासिकाच्या दोघी संपादिकांना प्रत्येकी पन्नास डॉलर्स दंड केला. इंग्लंड-अमेरिकेतला एकही प्रकाशक आता पुस्तकाला हात लावणार नव्हता. हताश जॉइसने हे सिल्व्हियाला सांगितले आणि तिने ते पुस्तक आपण काढू म्हणून सुचवले. तोवर तिने एक पानही छापलेले नव्हते.

तिने योजना आखली ती आपल्या वाचकांना चांगली परिचित आहे: प्रकाशनपूर्व नोंदणी. एक हजार क्रमांकित प्रती, तीन प्रकारच्या कागदांवर, किंमत १५०, २५० आणि ३५० फ्रँक. दिजों गावचा मुद्रक मॉरिस दारांतिएर नोंदणीचे पैसे येईपर्यंत थांबायला तयार झाला. निव्वळ नफ्यातला ६६ टक्के वाटा लेखकाला द्यायचे ठरले. यावर कोणीही हिशेबनीस कपाळाला हात लावील. त्यातून जॉइस मुद्रितांच्या समासात लिहीत सुटला. कादंबरीचा जवळजवळ तिसरा भाग त्याने मुद्रितांवरच वाढवला. जुळवलेला मजकूर पुनःपुन्हा मोडावा लागला आणि तो खर्च प्रकाशिकेच्या माथी आला. तिने त्याला एकदाही आवर घातला नाही.

पुस्तक छापून होण्याआधीच त्याला वाचक मिळवून दिला तो एका संध्याकाळच्या बैठकीने. ७ डिसेंबर १९२१ रोजी आद्रियेनच्या दुकानात फ्रेंच लेखक व्हालेरी लार्बो याने युलिसिसवर व्याख्यान दिले. काही उताऱ्यांचे वाचन झाले. मजकूर धीट आहे याची श्रोत्यांना आधीच सूचना होती. त्या लहानशा जागेत अडीचशे माणसे दाटीवाटीने बसली होती. जमलेले पैसे जॉइसला द्यायचे होते आणि तो स्वतः संकोचाने पडद्याआड लपून होता. एखाद्या अवघड पुस्तकाला समजूतदार वाचकांचा आधार कसा मिळतो, हे पाहायचे तर त्या संध्याकाळकडे पाहावे. लार्बोने कादंबरीची होमरच्या महाकाव्याशी असलेली जुळणी उलगडून दाखवली आणि ज्या पुस्तकाला न्यायालयाने नुसते घाणेरडे म्हटले होते, त्याचा आराखडा प्रथमच लोकांपुढे आला.

२ फेब्रुवारी १९२२ हा जॉइसचा चाळिसावा वाढदिवस. त्या दिवशी तरी पुस्तक हाती पडावे म्हणून मुद्रकाने दोन प्रती दिजोंहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे सोपवल्या. सकाळी सातच्या सुमारास थंडीत स्टेशनवर जाऊन सिल्व्हियाने त्या घेतल्या. एक जॉइसच्या घरी पोचवली, दुसरी दुकानाच्या काचेआड ठेवली. निळे आवरण, पांढरी अक्षरे. अमेरिकेत बंदी होती, तेव्हा हेमिंग्वेच्या ओळखीच्या एका माणसाने कॅनडातून रोज फेरीबोटीने पलीकडे जात कपड्यांत दडवून एकेक प्रत अमेरिकन वाचकांपर्यंत पोचवली.

पुढच्या आठ वर्षांत युलिसिसची अकरा मुद्रणे निघाली. जॉइसचे कुटुंब मात्र दुकानाच्या गल्ल्यावरच चालल्यासारखे होते. उचल संपली की नवी उचल. त्याची पत्रे, डॉक्टर, घरभाडे, प्रवास या सगळ्यांत सिल्व्हियाच धावत असे. १९२६ पासून अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरी चोरून छापायला सुरुवात केली. तिने जगभरच्या लेखक-विचारवंतांकडे निषेधपत्रक फिरवले आणि १६७ सह्या मिळवल्या. १९२७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आई गेली.

१९३० च्या डिसेंबरात जॉइसने तिच्याशी लेखी करार करून पुस्तकाचे जागतिक हक्क तिच्या नावे केले. कागदोपत्री आता ती श्रीमंत झाली होती. पण लवकरच अमेरिकेतले मोठे प्रकाशक पुढे सरसावले. तिने हक्काच्या मोबदल्यात पंचवीस हजार डॉलर्स मागितले. त्या मागणीकडे कोणी गंभीरपणे पाहिले नाही. जॉइसच्या स्नेह्याने येऊन, तिच्यामुळे लेखकाचे नुकसान होते आहे असे सुचवले, तेव्हा तिने जॉइसला टेलिफोन केला आणि हक्क सोडून दिले. १९३२ मध्ये रँडम हाउसशी जॉइसचा करार झाला, १९३३ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती वूल्झी यांनी बंदी उठवली, १९३४ मध्ये पुस्तक अमेरिकेत उजळ माथ्याने निघाले. त्या आवृत्तीतून सिल्व्हियाला एक छदामही मिळाला नाही.

वाचकांना वाटेल, हा मूर्खपणा झाला. मलाही पुष्कळ दिवस तसे वाटे. हातात सही-शिक्क्याचा करार असताना असे पाणी सोडणाऱ्या माणसाला व्यवहार कळत नाही, असेच आमचे शिक्षण सांगते. पण तिला व्यवहार कळत होता. पंचवीस हजारांचा आकडा तिने उगाच सांगितला नव्हता. दहा वर्षांच्या कामाचे मोल तिने मोजले होते, ते मिळणार नाही हेही तिला दिसले आणि मग कोर्टकचेरी करून लेखकाशी वैर धरण्यापेक्षा तिने ते खाते मिटवून टाकले. जखम झाली नाही असे नव्हे. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या आठवणींत जॉइसवरचा राग शोधूनही सापडत नाही, एवढे खरे.

अमेरिकेतल्या १९२९ च्या मंदीनंतर पॅरिसमधले अमेरिकन पाहुणे एकेक करून मायदेशी परतले. ससे कमी झाले. युलिसिस हातचे गेले. १९३५-३६ च्या सुमारास दुकान बंद करण्यावाचून गत्यंतर नाही, असे सिल्व्हियाने जीदजवळ बोलून दाखवले. तेव्हा जीदने काही लेखकांना एकत्र केले आणि शेक्सपिअर अँड कंपनीच्या मित्रांचे मंडळ स्थापन झाले. वर्गणी वर्षाला २०० फ्रँक, मुदत दोन वर्षे. सभासद २०० च घ्यायचे, कारण त्या दुकानात याहून जास्त माणसे मावत नसत. मोबदल्यात सभासदांना काय मिळणार? तर लेखकांच्या तोंडून त्यांचे लेखन ऐकायला मिळणार.

मग त्या दुकानात वाचनाच्या संध्याकाळी सुरू झाल्या. स्वतः जीद वाचायला बसला. पॉल व्हालेरीने आपल्या कविता वाचल्या. टी. एस. एलियट १९३६ च्या जूनमध्ये खास लंडनहून आला. चारचौघांत वाचायला बिचकणारा हेमिंग्वे १९३७ च्या मे महिन्यात स्टीफन स्पेंडरच्या सोबतीने वाचायला उभा राहिला. सतरा-अठरा वर्षांपूर्वी समोरच्या दुकानात पाहून सिल्व्हियाने जी रीत उचलली होती, तीच आता तिच्या मदतीला आली. ज्यांना कधी उधारीवर पुस्तके दिली, ज्यांची पत्रे सांभाळली, ते आता तिचे दुकानभाडे निघावे म्हणून एकेक संध्याकाळ देत होते. बँकेच्या भाषेत बुडीत म्हणून वर्ग केलेली खाती एकाएकी जमा दाखवू लागली. फरक एवढाच की, येणे किती आणि परत आले किती, याची नोंद कोणत्याही खतावणीत नव्हती.

१९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. अमेरिकन वकिलातीने परत जाण्याचा सल्ला दिला, तरी सिल्व्हिया राहिली. १९४१ च्या डिसेंबरात एक जर्मन अधिकारी दुकानात आला. त्याला काचेआड ठेवलेले जॉइसचे फिनेगन्स वेक विकत हवे होते. ती प्रत माझी स्वतःची आहे, विकायची नाही, असे तिने सांगितले. तो चिडून गेला आणि पुन्हा येऊन त्याने सगळा माल जप्त करण्याची धमकी दिली. तो गेल्याबरोबर तिने मित्रांना बोलावले. इमारतीतली वरच्या मजल्यावरची एक जागा रिकामी होती. कपड्यांच्या टोपल्यांत भरभरून पुस्तके आणि लेखकांची छायाचित्रे वर गेली. सुताराने फळ्या उतरवल्या, रंगाऱ्याने दर्शनी भिंतीवरचे नाव पुसून टाकले. अवघ्या दोन तासांत वीस वर्षांच्या दुकानाची खूणही उरली नाही. शत्रूच्या अमलाखालच्या शहरात, कोणाच्या तोंडून एक शब्द फुटला असता तर सगळ्यांवर बेतले असते. कोणी बोलले नाही. जप्ती करायला काही शिल्लकच राहिले नाही.

१९४२ मध्ये अमेरिकन नागरिक म्हणून तिला पकडून व्हितेलच्या छावणीत नेले. सहा महिन्यांनी सुटका झाली, त्यानंतर काही काळ ती विद्यार्थिनींच्या एका वसतिगृहात लपून राहिली. १९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस मुक्त झाले, तेव्हा ओदेऑं रस्त्यावर सैनिकांना घेऊन जीपगाड्यांतून एक धिप्पाड माणूस उतरला आणि खालूनच तिच्या नावाने हाका मारू लागला. तो हेमिंग्वे होता. छपरांवर दबा धरून बसलेल्या बंदूकवाल्यांचा आधी बंदोबस्त करून मग तो पुढे गेला. अनामत न घेता दिलेल्या त्या कार्डाला तेव्हा तेवीस वर्षे होत आली होती.

दुकान मात्र पुन्हा उघडले नाही. सिल्व्हिया सत्तावन्न वर्षांची होती, थकली होती. पण घरी येणाऱ्याला पुस्तक देण्याचे तिने थांबवले नाही. आंरी मिशो या फ्रेंच कवीने हिंदुस्थान, चीन, जपान या देशांच्या प्रवासावर लिहिलेले पुस्तक तिने इंग्रजीत आणले, ते १९४९ मध्ये निघाले. १९५५ मध्ये दुर्धर आजाराने गांजलेल्या आद्रियेनने आपले जीवन संपवले. समोरचा दिवाही मालवला. १६ जून १९६२ रोजी डब्लिनजवळच्या ज्या बुरुजात युलिसिसचा आरंभ होतो, तेथील जॉइस संग्रहालयाच्या उद्घाटनाला ती हौसेने गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसच्या आपल्या घरी ती वारली. वय पंच्याहत्तर.

आज पॅरिसला जाणारे आपल्याकडचे पर्यटक नोत्र दाम चर्चसमोरच्या शेक्सपिअर अँड कंपनीत आवर्जून फोटो काढतात. ते दुकान दुसरे. जॉर्ज व्हिटमन या अमेरिकनाने १९५१ मध्ये ते वेगळ्या नावाने सुरू केले आणि सिल्व्हियाच्या पश्चात, १९६४ मध्ये, तिच्या दुकानाचे नाव त्याला दिले. आपल्या मुलीचे नावही त्याने सिल्व्हिया ठेवले. तेथे आजही लेखक येऊन वाचतात आणि लोक दाटीने उभे राहून ऐकतात.

सिल्व्हियाची कागदपत्रे प्रिन्स्टन विद्यापीठात जपून ठेवली आहेत. त्यांत सभासदांची ती कार्डेही आहेत आणि आता ती संगणकावर कोणालाही पाहता येतात. सिमोन द बोव्हार, वॉल्टर बेंजामिन, जाक लाकां ही नावे त्यांत आहेत. त्याहून जास्त आहेत ती साधी माणसे: शिक्षक, विद्यार्थी, नोकरदार, गृहिणी. कोणी किती तारखेला काय नेले, केव्हा परत केले, वर्गणी कधी थकली, सगळे हाताने लिहिलेले. मी ती कार्डे पुष्कळ वेळ पाहिली. नोंदी कुठे नेटक्या, कुठे घाईतल्या आहेत. आमच्या तपासनिसाने त्यांवर लाल पेन्सिलीने किती खुणा केल्या असत्या, ते मला चांगले ठाऊक आहे. ज्या बँकेत पैसा कधी टिकला नाही, तिची खतावणी शंभर वर्षांनंतर लोक उघडून वाचत बसतात. आमच्या एकाही लेजरला हे भाग्य लाभणार नाही.